मच्छरवाल्या काकांचे मासे

अकोल्याला जठारपेठेत खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी मला नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, आणि आडनाव ऐकल्यावर आपल्याकडे जो पुढचा प्रश्न येतो तोही विचारला नाही. दारातच उभं करून म्हणाले, "पानी कशात भरता?"

"म्हणजे?"

"म्हनजे ड्रममंदी भरता, टाकीत भरता, का माठात? झाकन हाये का? कूलर हाये का? कूलरचं पानी कदी बदलता?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. असे प्रश्न मी पोरांना विचारायचे असतात, त्यामुळे उत्तर द्यायची सवय नव्हती. बायकोनं मला मागे सारलं आणि ठणकावून सांगितलं, "आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करते मी. घासून पुसून."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "पाहा लागन."

आणि खरोखर पाहिलं. पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं ते अमरावतीला आमच्या जुन्या घरी येऊन धडकले. चहा नको म्हणाले, बसायलाही नको म्हणाले. भर दिवसा टॉर्च लावून न्हाणीघरात शिरले, गच्चीवर गेले, तुळशीखालची ताटली उचलून पाहिली, आणि शेवटी आमचा फ्रिज भिंतीपासून ओढून त्याच्या मागच्या ट्रेमध्ये डोकं घातलं. ट्रेमध्ये पाणी साचतं हे मला माहीत होतं. ट्रे असतो हे बायकोला माहीत नव्हतं.

"तीन अळ्या हायेत," ते आतूनच म्हणाले. मग बाहेर आले, हात धुतले. "पन बाई खोटं बोलल्या नाई. त्यायले ठाऊकच नव्हतं. या राहाले."

अशी आम्हाला खोली मिळाली.

हे घरमालक काका हिवताप विभागात आरोग्य कर्मचारी होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते सरकारचं मत होतं. लोक खिशाला पेन लावतात तिथे हे टॉर्च लावत. हातातल्या पिशवीत दांडी लावलेली एक पांढरी वाटी असे. कुणाच्याही घरी गेले की आधी ती वाटी पाण्यात बुडवायची, उजेडात धरायची, आणि मग यजमानाकडे पाहायचं. गल्ली त्यांना मच्छरवाले काका म्हणायची. तोंडावरसुद्धा. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे, कारण त्यांच्या मते ते होतेच.

लग्नाला गेले तर आचाऱ्याच्या मागची पिपं तपासायचे. एकदा गल्लीतल्या एका घरी माणूस गेला, भेटायला म्हणून काका गेले, आणि सगळे मान खाली घालून बसलेले असताना हे मोरीजवळचा रांजण वाकून बघत होते. थोरला मुलगा चिडला. "काका, बाबा हार्टनं गेले, मच्छरानं नाही."

"हो न, बाप्पा," काका शांतपणे म्हणाले, "पन तुमी हाये न अजून."

त्यांच्या मुलीच्या सोयरिकीची गोष्ट तर साऱ्या पेठेला पाठ होती. स्थळ चांगलं होतं. पोरगा इंजिनीअर, घर स्वतःचं, माणसं हसतमुख. पोहे झाले, चहा आला, तर मुलीचा बाप जागेवर नाही. शोधाशोध झाली. काका घराच्या मागे कूलरच्या टाकीत टॉर्च मारून उभे होते. परत आले ते वाटी घेऊन, आणि ती वाटी त्यांनी चहाच्या ट्रेमध्ये मधोमध ठेवली. मुलाच्या वडिलांना वाटलं की हा यांच्याकडचा काही रिवाज असावा, म्हणून त्यांनी वाटीला नमस्कार केला. जवळून बघितल्यावर त्यात काहीतरी वळवळताना दिसलं आणि सोयरीक तिथेच संपली. मुलगी शेवटी पुण्याला दिली. कारण विचारलं की काका सांगत, "तिकडं कूलर लागत नाई."

काकू यांच्या अगदी उलट. बोलणं हळू, चालणं हळू, आणि कुणी उपाशी दिसलं की त्यांना राहवायचं नाही. सकाळी मुंग्यांना साखर, गाईला पोळी, कावळ्याला भात, कबुतरांना ज्वारी. दारात विमा विकायला आलेल्या माणसालाही त्या आधी जेवायला बसवायच्या. काका मच्छर मारत फिरायचे आणि काकू उरलेल्या सृष्टीला जेवू घालायच्या. दोघांच्या संसारात कामाची अशी सरळ वाटणी होती.

काकांच्या विक्षिप्तपणाचं मूळ मात्र मच्छर नव्हतं, ते खोटं न बोलणं होतं. मच्छरांच्या मागे लागलेली माणसं मी आणखीही पाहिली आहेत. पण सरकारी नोकरीत राहून खोटं न लिहिणारा माणूस मी एवढा एकच पाहिला.

तरुणपणी ते नांदगाव खंडेश्वराकडच्या गावांतून पायी फिरत. त्या काळी घराच्या भिंतीवर गेरूनं चौकोन काढलेला असे, आणि कर्मचारी येऊन गेला की त्यात तारीख घालायची. पुष्कळ कर्मचारी एका फेरीत पुढच्या दोन-तीन तारखा घालून मोकळे होत, म्हणजे भिंतीचंही समाधान आणि साहेबांचंही. एका पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि पलीकडची वाडी राहून गेली. महिना संपला. साहेब म्हणाले, लिहून टाका. काकांनी नोंदवहीत लिहिलं: "गेलो नाही. नाल्याला पूर होता." वर जाणाऱ्या अहवालात त्या एका वाडीनं भोक पाडलं. खुलासा मागवला गेला. काकांनी खुलाशात लिहिलं: "वरीलप्रमाणे." त्यांची बदली झाली. बदलीच्या गावीही एक नाला होताच.

आणखी एक प्रसंग ते स्वतः सांगत, आणि सांगताना त्यांना अजून घाम यायचा. एका गावात तापाच्या साथीत कुणी रक्ताचा नमुना द्यायला तयार होईना. जोडीच्या कर्मचाऱ्यानं दवंडी दिली की बोटातून रक्त न देणाऱ्याचं रेशन बंद होणार. सकाळी सगळा गाव बोट पुढे करून रांगेत उभा. काम फत्ते. दुसऱ्या दिवशी काका एकटेच परत गेले आणि घरोघर सांगून आले, "काल तुमाले खोटं सांगतलं. रेशनचा न् रक्ताचा काई संबंध नाई." त्यानंतर त्या गावानं काकांनाच काय, कुणालाच पुढचा सगळा हंगाम रक्त दिलं नाही.

"मग कशाला गेलात परत?" मी विचारलं होतं.

"खोट्यानं एक डाव काम होते, मास्तर," ते म्हणाले. "दुसऱ्या डावाले लोकं खऱ्यावर बी इश्वास ठेवत नाई. लोकायले समजून सांगा लागते. समजलं का ते करतात."

हे त्यांचं आयुष्यभराचं मत होतं. पुरावा मात्र आयुष्यभरात एकही मिळाला नव्हता. आमच्या गल्लीत तरी तो मिळावा, असं त्यांच्या मनात फार होतं. एक गल्ली, फक्त एक गल्ली खरं ऐकून सुधारली, एवढं बघून मग डोळे मिटले तरी चालतील, असं ते म्हणायचे.

गल्लीची अडचण सोपी होती. नळ यायचा पाचव्या दिवशी, कधी सहाव्या, आणि मनात आलं तर आठव्या. त्यामुळे घरोघरी ड्रम, टाकी, हंडे, कळश्या, आणि पोरांचं अंघोळीचं टपसुद्धा भरलेलं. काका हिशोब मांडत: अंड्याचा मच्छर व्हायला आठवडा लागतो, तेव्हा आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून घासा, मच्छर जन्मालाच येणार नाही. एवढं सांगायला ते फुलवाल्या मावशींकडे गेले. मावशी आमच्या लगतच्या घरात राहत. माळ्याचं घर, पिढ्यान्‌पिढ्या फुलांचा धंदा. मावशी पहाटे उठून हार ओवत आणि देवळापुढे बसून विकत. त्यांच्या अंगणात आमच्या भिंतीला लागून सिमेंटचं मोठं टाकं होतं, त्या पाण्यावर त्यांची फुलं ताजी राहत. मावशींनी काकांचं सगळं ऐकून घेतलं. मग सुईतला दोरा दातांनी तोडून म्हणाल्या, "सातव्या दिवशी टाकं रिकामं करतो. आठव्या दिवशी नळ नाई आला, तं मी फुलायवर काय तुमचं भाषन शिपडू?"

दुसरा कुणी असता तर वाद घातला असता. काका घरी आले, वही काढली, आणि त्यात लिहिलं: "बाई बरोबर."

बाकी गल्लीला काकांचं सांगणं पटायचंच नाही, कारण गल्लीचा विश्वास धुरावर होता. पावसाळ्यात धुराची गाडी यायची. ती भयंकर आवाज करायची, पांढरे लोट सोडायची, पोरं मागे धावायची, माणसं दारं उघडून धूर घरात घ्यायची आणि संध्याकाळी समाधानानं झोपायची. "काई तरी करून राहिले," असं सगळे म्हणायचे. काकांच्या वाटीला ना आवाज होता ना धूर. गुपचूप करायच्या कामाला आपल्याकडे काम म्हणत नाहीत.

'बाई बरोबर' लिहिल्यावर काका आठवडाभर मागच्या अंगणातच दिसत होते. मग एका सकाळी कडीच्या डब्यात पाणी आणि पाण्यात काड्यांएवढे मासे घेऊन गल्लीत फिरले. गप्पी मासे. हे मासे डासांच्या अळ्या खातात. टाक्यात चार-पाच सोडले की टाकं रिकामं करायची गरज नाही. मागच्या अंगणातल्या हौदात काकांनी ते वाढवलेच होते. वापरायच्या पाण्यात सोडा, प्यायच्या नको, असं प्रत्येकाला दोनदा सांगायचे.

दोन घरांनी सोवळ्याचा प्रश्न काढला. पाण्यात मासा कसा चालेल? मी मदत करायला म्हणून म्हणालो, "काका, मत्स्यावतार सांगा की. लगेच घेतील."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नोंदवहीत खोटी तारीख घातली आहे. "मास्तर असून असं बोलता? अवतार-बिवतार काई नाई. मासा हाये. अळी खाते. एवढंच सांगाचं."

एवढंच सांगून सगळ्या गल्लीत मासे सोडायला त्यांना पावसाळ्याचा पहिला महिना लागला. शेवटी मावशींच्या टाक्यातही दहा मासे गेले. काका रोज वाटी बुडवायचे. अळी नाही. त्यांच्या चालण्यात फरक पडला. मला ते आता "कसे हाये?" असंही विचारू लागले.

आता जे सांगायचं आहे त्यात माझी चूक आहे, आणि ती लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही.

एका गुरुवारी मी पाहिलं, काकू आमच्या हौदाशी उभ्या राहून कणकेच्या बारीक गोळ्या पाण्यात टाकत होत्या. बांगड्या वाजल्या की मासे वर यायचे. मला पाहून त्या लाजल्या. "मुके जीव हायेत. ह्यायनं आनून टाकले, पन खायाले काय देतात ते बी नाई पाहात." मला ते फार गोड वाटलं. दुसऱ्या दिवशी मावशींच्याही हातात कणीक दिसली. आठवड्यात सगळ्या गल्लीनं मासे पोसायला घेतले. एकादशीला त्यांना साबुदाणा मिळायचा, पोरांच्या वाढदिवसाला केकचा चुरा. मासे लठ्ठ झाले. काकांच्या कानावर जाऊ नये याची सगळ्यांनी काळजी घेतली, कारण मच्छरवाले काका मच्छरांच्या बाबतीत निर्दय आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी आठवीला अन्नसाखळी शिकवतो. मी काकूंच्या हाताचा आणि माशांचा व्हिडिओ काढला आणि स्टेटसला ठेवला. सत्तर जणांनी पाहिला. माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या दुसऱ्या शिक्षिकेनं बदाम पाठवला.

तीन आठवड्यांनी आमच्या मुलीला, ओवीला, ताप भरला. ती तेव्हा पाच वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी डेंग्यू म्हणून दवाखान्यात ठेवलं. त्या पाच दिवसांबद्दल मला विनोद करता येत नाही. हात एवढासा, त्यात सुई, आणि दर सकाळी तो प्लेटलेटचा आकडा यायची वाट बघत आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता बसायचो.

गल्ली मात्र धावून आली, ते खरंच. प्रत्येक जण किवी घेऊन आला. ज्या घरात ड्रमला झाकण नव्हतं त्या घरातूनही किवी आली. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी बकरीचं दूध मिळवलं, आणि सगळ्यांनी शहाळी आणली. काका एकटेच हात हलवत आले. ओवीजवळ दहा मिनिटं बसले आणि दिसेनासे झाले. मी शोधत गेलो, तर दवाखान्याच्या मागे पेशंटांनी पिऊन फेकलेल्या शहाळ्यांचा ढीग होता, प्रत्येक शहाळ्यात पावसाचं पाणी, आणि काका वाकून एक एक पालथं घालत होते. मला पाहून म्हणाले, "पुढचे पेशंट अथी तयार होऊन राहिले, मास्तर."

ओवी बरी झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, यावेळी निभावलं, पण हा ताप दुसऱ्यांदा झाला तर जास्त वाईट होऊ शकतो, दुसऱ्यांदा होऊ देऊ नका. हे वाक्य मी घरी येऊन काकांना सांगितलं. ते उठले, टॉर्च घेतला, आणि थेट मावशींच्या टाक्यावर गेले.

वर दहा मासे डुलत होते. खाली अळ्या वळवळत होत्या. दोन्ही पक्ष सुखात होते. काकांनी तीनदा वाटी बुडवली. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचे मासे काई कामाचे नाई, काका. उलटं माशायनंच रोग आनला म्हनतात लोकं." खरोखर तसं म्हणत होते. गल्लीतल्या दोघांनी आपले मासे नालीत फेकलेही.

काका दोन दिवस ओसरीवर बसून होते. जेवायला तेवढे उठले. मासा अळी का खात नाही, हे त्यांना कळेना. जन्मभराची विद्या खोटी ठरली, असा त्यांचा चेहरा झाला होता. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी फोन काढला आणि तो व्हिडिओ त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो तीनदा पाहिला. काकूंचा चेहरा व्हिडिओत नव्हता, पण बांगड्या त्यांनीच घेऊन दिलेल्या होत्या. आतून काकू आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. मला वाटलं आता काका घर डोक्यावर घेतील. ते एवढंच म्हणाले, "अवं, त्याचं पोट भरलं तं तो अळी काहून खाईन?"

"मले काय ठाऊक," काकू रडायलाच आल्या. "मले वाटलं उपाशी हायेत."

"उपाशीच पायजे ते!"

आणि काका पुन्हा गल्लीत निघाले, समजून सांगायला. उरलेला पावसाळा, हिवाळा, उन्हाळा, ते एकच गोष्ट सांगत होते: माशाले काई टाकू नोका, तो भुकेला राहिला तरच अळी खाईन. कागदावर चित्र काढून दाखवलं. मी शाळेतून तक्ता आणून दिला. लोक माना डोलवायचे आणि काका वळले की कणीक भिजवायचे. मावशींनी तर तोंडावर सांगितलं, "माह्या टाक्यात जीव हाये, त्याले घास टाकल्याबिगर मले घास गिळत नाई. तुमी काई बी म्हना." यात दुष्टपणा कुठेच नव्हता. दुष्टपणा असता तर काकांनी तो मोडून काढला असता. दयेपुढे त्यांचा तक्ता चालेना.

पुढचा पावसाळा जवळ आला तशी माझी बायको ओवीला भर उन्हात पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घालू लागली. मच्छर गुणगुणला की आम्ही दोघं दचकायचो. घर सोडायचं का, असंही बोलणं झालं. काकूंच्या कानावर ते गेलं असावं.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी काकू भजनाला गेल्या. तिथे काय झालं ते बायकोनं मला सांगितलं. भजन संपल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "बाया हो, एक सांगतो. माशायनं चातुर्मास धरला. कालपासून त्यायचा उपास हाये. कोनी कनीक टाकू नोका."

झालं. जी गल्ली भाषणानं, चित्रानं आणि तक्त्यानं हलली नव्हती, ती एका वाक्यानं हलली. कारण उपाशी जिवाला घास घालणं हे जसं पुण्य, तसं उपासकऱ्याचा उपास मोडणं हे पाप, आणि आपल्याकडच्या बायका पुण्य एखादे वेळी चुकवतील, पाप नाही करायच्या. त्या दिवसापासून कुणी टाक्यात चिमूटभर टाकलं नाही. पोराच्या हातातला केकचा चुरा आयांनी हिसकावून घेतला. "उपास हाये न त्यायचा, बे!"

दोन आठवड्यांत मासे रोडावले आणि अळ्या संपल्या. काका रोज वाटी बुडवत होते आणि रोज पाणी स्वच्छ. एके दिवशी ते माझ्याकडे आले. त्यांचे डोळे भरले होते, मी ते आधी कधी पाहिलं नव्हतं. "मास्तर," म्हणाले, "समजलं लोकायले. एक साल लागलं, पन समजलं. सारी गल्ली पाहून आलो, एकाही घरात अळी नाई. म्या म्हनत नव्हतो? खरं सांगत राहा लागते."

मी "हो काका" म्हणालो. आत गेलो. बायको म्हणाली, "सांगू नका हं." मी सांगणार नव्हतोच. माझ्या पोरीच्या जिवाचा प्रश्न होता. पण त्यांच्या आनंदाकडे बघायला मला लाज वाटायची, आणि तो महिना मी शक्यतो मागच्या दारानं ये-जा केली.

एका संध्याकाळी काका अंगणात ओवीला वाटीतलं पाणी दाखवत होते. मी पायरीवर बसून वह्या तपासत होतो. काकू स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत होत्या. भिंतीवरून मावशींनी डोकं वर काढलं.

"काका, एक इचाराचं होतं. माह्या टाक्यातली एक मासोळी गाभन हाये. पोट हे एवढं झालं. गाभन बाईले तं उपास नसते. मंग तिले एकटीले गोळी टाकू का? का तिचा बी चातुर्मास?"

काका वाटी हातात धरून तसेच उभे राहिले. "कोनाचा चातुर्मास?"

"माशायचा. आषाढीपासून उपास नाई का त्यायचा? म्हनून तं सारी गल्ली काई टाकत नाई."

काकूंच्या सुपातला हात थांबला. मी वहीतून मान वर केली नाही, पण काका माझ्याकडे पाहत आहेत हे मला कळत होतं. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या ध्यानात सगळं आलं होतं. गल्लीला काहीच समजलं नव्हतं.

मावशी थांबल्या होत्या. "काकू म्हनतात उपास हाये. पन त्यायचं मन मऊ, त्या आपल्या मनानं बी सांगतीन. म्हनून तुमाले इचारलं. तुमी जन्मात खोटं नाई बोलले. तुमी म्हनसान तं मी मानतो. नाई तं मी आपली गोळी टाकतो. मले त्या मासोळीकडं पाहावत नाई."

ओवी काकांचा सदरा ओढत होती. "आजोबा, पाण्यात काही नाही ना? आजोबा, सांगा ना, काही नाही ना?"

काकांनी वाटीतल्या पाण्याकडे पाहिलं.

"हाये उपास," ते म्हणाले.

"गाभनीचा बी?"

"गाभनीचा बी. टाकू नोका काई."

मावशींचं डोकं भिंतीखाली गेलं. काकांनी वाटीतलं पाणी तुळशीला घातलं, वाटी पुसून पिशवीत ठेवली आणि आत गेले.

दिवेलागणीला काकूंनी पान वाढलं. आमची खोली लगतच होती, सगळं ऐकू यायचं. त्यांनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा जवळ जाऊन म्हणाल्या, "उठा न. पोळी निवून राहिली."

"मले नोको. उपास हाये."

"तुमाले? तुमी कदी धरले उपास? कोनता उपास?"

"माशायचा," काका म्हणाले, आणि कार्तिकी एकादशीपर्यंत त्यांनी रात्रीचं जेवण घेतलं नाही.